पाठीवर सॅक, सोबत मित्र आणि म्हैसूरचा राजवाडा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

म्हैसूरच्या राजवाड्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मित्रमंडळींना विचारा, आत काय पाहिलं? उत्तर बहुधा 'भारी आहे, खूप मोठा आहे' एवढंच मिळतं. यात त्यांचा दोष नाही. आतला मार्ग एकेरी आहे. दोरखंड आणि कठड्यांमधून गर्दी पुढे ढकलत राहते, आणि एकदा पुढे गेलं की मागे फिरता येत नाही. कुठे थांबायचं हे आत जाण्याआधी माहीत नसेल, तर पाऊण तासात तुम्ही दुसऱ्या टोकाला चपला शोधत उभे असता. म्हणून हा लेख. सहा-सात जणांचा ग्रुप, पाठीवर सॅक, खिशात बेताचे पैसे आणि हाताशी दीड-दोन दिवस, असं धरून लिहिलं आहे.

वार आधी ठरवा, मग तिकीट काढा

बाकी काही ठरवण्याआधी वार ठरवा. राजवाडा आठवड्याचे सगळे दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच खुला असतो. पण संध्याकाळची प्रसिद्ध रोषणाई, जवळपास एक लाख दिव्यांची, रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांनाच पाऊण तासाच्या आसपास पूर्ण चालू असते. इतर दिवशी ध्वनिप्रकाश कार्यक्रमानंतर थोडाच वेळ दिवे लागतात.

आता अडचण अशी की रविवारी दिवसा आत अलोट गर्दी असते. त्यामुळे माझा सल्ला पक्का आहे: रविवारी दुपारपर्यंत म्हैसुरात पोचा, संध्याकाळी बाहेरून रोषणाई बघा आणि राजवाड्याच्या आत सोमवारी सकाळी पहिल्या तासात जा. बाहेरचा आणि आतला राजवाडा असे दोन वेगळ्या वेळी पाहिले की दोन्ही लक्षात राहतात.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत मात्र शाळांच्या सहलींच्या बसगाड्या एकामागोमाग एक येतात. शंभर मुलांच्या रांगेमागे सापडलात तर दहा मिनिटं बाजूला उभे राहा, रांग पुढे जाऊ द्या.

दसऱ्याच्या दिवसांत जायचं का, हा प्रश्न हमखास येतो. म्हैसूरचा दसरा एकदा तरी पाहावाच. रोज रात्री रोषणाई असते, एरवी न दिसणारं सुवर्णसिंहासन बाहेर काढलेलं असतं, आणि विजयादशमीला चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीत ठेवून हत्तीची मिरवणूक निघते. पण राजघराण्याच्या पूजाविधींमुळे त्या काळात काही दिवस राजवाडा पर्यटकांना बंद असतो आणि राहण्याचे दर आकाशाला भिडतात. राजवाडा नीट बघायचा असेल तर दसरा टाळा, दसराच बघायचा असेल तर राजवाड्याचा आतला भाग पुढच्या खेपेला ठेवा. दसऱ्याच्या काही आठवडे आधी गेलात तर एक सुंदर मधला मार्ग सापडतो: मिरवणुकीचे हत्ती तेव्हा राजवाड्याच्या आवारातच मुक्कामाला असतात, माहुतांची बिऱ्हाडंही तिथेच तंबूत असतात, आणि सकाळी हत्तींचा सराव रस्त्यावर बघायला मिळतो.

पोचायचं कसं

सोलापूर-पंढरपूरकडच्या लोकांना सगळ्यात सोपं. पंढरपूर ते म्हैसूर गोलगुंबज एक्सप्रेस आहे, ती सोलापूर, विजयपूर, हुबळी करत जाते. मुंबई-पुण्याहून दादर-म्हैसूर शरावती एक्सप्रेस आणि अजमेर-म्हैसूर एक्सप्रेस पुणे-मिरजमार्गे जातात, पण रोज नाही, त्यामुळे वार बघूनच बेत करा. त्या नाही जमल्या तर बंगळूरु गाठा. तिथून म्हैसूर साधारण १४५ किलोमीटर आहे, दिवसभर गाड्या आणि बस असतात. ग्रुपने जाताना रेल्वेच बरी, कारण बसमध्ये सहा सॅकना जागा करता करताच निम्मा उत्साह संपतो.

सॅकचं काय करायचं

मोठी सॅक घेऊन राजवाड्यात जायचा विचारसुद्धा करू नका. प्रवेशाला तपासणी असते, आत अरुंद मार्ग असतो, आणि मागच्याच्या तोंडावर आपली सॅक आपटत राहणं हे शोभत नाही. सॅक हॉस्टेलवर किंवा लॉजवर ठेवा. खोली सोडली असेल तरी बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत सामान ठेवू देतात, फक्त आदल्या रात्रीच विचारून ठेवा. मुक्कामच नसेल तर रेल्वे स्टेशनवरची क्लोकरूम आहे. तिथे सामानाला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक सॅकला छोटं कुलूप घरूनच घेऊन निघा. सॅकच्या दोन चेनची टोकं एकत्र अडकवणारं साधं कुलूप पुरतं.

आत नेण्यासाठी सगळ्यांत मिळून एकच छोटी पिशवी ठेवा: पाण्याची बाटली, पॉवर बँक, ओळखपत्रं, बस्स.

चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ही गोष्ट ट्रेकचे बूट घालून आलेल्यांना फार त्रास देते. नाड्या सोडा, बांधा, तोवर बाकीचे पुढे. त्या दिवसापुरत्या साध्या चपला घाला आणि खिशात मोजे ठेवा. आतली फरशी गार असते, पण उघड्या आवारात उन्हाने तापलेल्या दगडावरून अनवाणी चालायची वेळ येऊ शकते. सगळ्यांच्या चपला एकाच टोकनवर जमा करा आणि टोकन कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या.

ग्रुपने आधीच ठरवायच्या गोष्टी

मित्रांमध्ये नेहमी तीन प्रकारचे लोक असतात: एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते, एकाला फोटो हवे असतात, आणि एकाला भूक लागलेली असते. तिघांनाही सोबत ठेवायचं तर आदल्या रात्री पाच मिनिटं बसा. पैसे एकाकडे गोळा करा, म्हणजे तिकीट खिडकीवर सुट्ट्यांसाठी गोंधळ होत नाही. आत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा. चपलांच्या खिडकीची जागा उत्तम, कारण तिथे प्रत्येकाला यावंच लागतं. आणि पुढे ज्या चार जागा सांगतो आहे तिथे सगळ्यांनी थांबायचं, बाकी ठिकाणी ज्याने त्याने आपल्या चालीने चालायचं, एवढा एकच नियम करा.

गाइड घ्यायचा का? सहा-सात जणांत वाटून घेतला तर खर्च जाणवत नाही, आणि चांगला गाइड गर्दीतही नेमक्या जागी थांबवतो. ओळखपत्र बघा, किती वेळ देणार आणि किती पैसे घेणार हे आत जाण्याआधी स्पष्ट बोला.

राजवाड्याबद्दल एवढं तरी माहीत असू द्या

आज दिसतो तो राजवाडा फार जुना नाही. वडियार घराणं १३९९ पासूनचं, पण त्यांचा आधीचा राजवाडा लाकडाचा होता. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्षम्मण्णी यांच्या लग्नसमारंभाच्या वेळी आग लागली आणि तो जळाला. आपल्याला शनिवारवाडा आठवावा. तोही असाच लाकडी होता आणि १८२८ च्या आगीत गेला. पुण्यात जोतं आणि तटबंदी उरली, म्हैसुरात मात्र लगेच नवं बांधकाम सुरू झालं. राजा चौथे कृष्णराज तेव्हा लहान होते, कारभार त्यांच्या आई वाणीविलास महाराणी रीजंट म्हणून बघत होत्या. त्यांनी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाला काम दिलं. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थान बांधणारे तेच आयर्विन. १९१२ मध्ये राजवाडा पुरा झाला.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे आत गेल्यावर तो हाताला लागतो. पुन्हा आग लागू नये या धास्तीने हा राजवाडा बांधला आहे. बाहेर करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, वर गुलाबी संगमरवरी घुमट, आत ओतीव लोखंडाचे खांब. खांब बघाल तेव्हा हे लक्षात ठेवा, म्हणजे ती केवळ श्रीमंती वाटणार नाही. कोल्हापूरचा न्यू पॅलेस किंवा बडोद्याचा लक्ष्मीविलास ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथली शैली ओळखीची वाटेल: कमानी, घुमट, छत्र्या आणि युरोपीय मांडणी एकत्र केलेली इंडो-सारसेनिक पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानिकांना ती फार आवडली होती.

सोमवार सकाळ: तिकीट आणि प्रवेश

पावणेदहाला दक्षिणेच्या वराह द्वाराशी पोचा. पर्यटकांचा प्रवेश तिथूनच आहे. तिकीट ऑनलाइनही मिळतं. राजघराण्याच्या निवासी संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं, ते आधी मुख्य राजवाडा बघून मगच घ्यायचं का ते ठरवा.

स्टेशनपासून राजवाडा दोनेक किलोमीटर, बसस्थानकापासून तर पायी दहा-पंधरा मिनिटांचा आहे. वाटेत कोणी रिक्षावाला 'आज राजवाडा उशिरा उघडणार, तोवर खास बाजार दाखवतो' म्हणाला, तर हसून नको म्हणा आणि चालत राहा. तो बाजार म्हणजे चंदन-अत्तराचं एखादं दुकान असतं आणि तिथे कमिशन असतं.

फोटोचे नियम बदलत आले आहेत. प्रवेशाजवळचा त्या दिवशीचा फलक वाचा आणि पाळा.

आत: या चार जागी थांबा

पहिली जागा सुरुवातीलाच येते, आणि लोक उत्साहाच्या भरात तीच ओलांडून जातात. गोंबे तोट्टी, म्हणजे बाहुल्यांचा मंडप. नवरात्रात बाहुल्या मांडायची म्हैसूरची परंपरा इथे दिसते. त्याच भागात सोन्याची अंबारी आहे. लाकडी सांगाडा, त्यावर सुमारे ८० किलो सोन्याचा पत्रा. सगळे सोन्याकडे बघतात, तुम्ही तिच्यावरचे दोन छोटे दिवे शोधा, एक लाल आणि एक हिरवा. अंबारीत बसलेल्या राजाने माहुताला 'थांब' आणि 'चल' सांगण्यासाठी ते बसवले होते. मिरवणुकीच्या गलबल्यात, वाद्यांच्या आवाजात राजाचा शब्द पुढे बसलेल्या माहुतापर्यंत पोचणार कसा? त्यावरचा हा उपाय. म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये शिवनसमुद्रला कावेरीवर वीज निर्माण केली होती, ते लक्षात घेतलं की हत्तीवरचे दिवे त्या काळाच्या थाटात अगदी चपखल बसतात.

तिथून हत्तीदरवाज्याच्या बाजूने पुढे निघा. मधल्या चौकाकडे एकदा नजर टाका. विजयादशमीच्या सकाळी राजवाड्याच्या चौकात वज्रमुष्टीची कुस्ती होते. जेट्टी मल्ल मुठीत दातेरी शस्त्र घेऊन लढतात आणि रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत थांबते.

दुसरी जागा कल्याण मंडप, लग्नसमारंभांचा अष्टकोनी मंडप. इथे किमान दहा मिनिटं द्या. आधी वर बघा: रंगीत काचांचं छत, त्यात मोर. मग खाली बघा: फरशीतही मोर. मग मधले खांब. ते ओतीव लोखंडाचे, ग्लासगोच्या सॅरासेन फाउंड्रीत घडवून आणलेले. लग्नसमारंभाच्या वेळी लागलेल्या आगीत राजवाडा गेला होता, आणि नव्या राजवाड्यात लग्नाचाच मंडप लोखंड आणि काचेचा केला. उन्हाची तिरीप काचेतून येते तेव्हा खांबांवर रंग पडतात, म्हणूनही सकाळची वेळ सांगितली.

मंडपाभोवतीच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत. म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांनी प्रत्यक्ष छायाचित्रांवरून ती रंगवली. गर्दी त्यांच्यासमोरून सरळ वाहते. तुम्ही एकच चित्र निवडा आणि त्यातले चेहरे बघा: घोडदळातला शिपाई, बँडवाला, रस्त्याकडेचे बघे. प्रत्येक चेहरा वेगळा आहे. ग्रुपमध्ये कोणाला चित्रकलेची आवड असेल तर त्याला इथून हलवणं अवघड जाईल. हलवू नका, भेटायची जागा ठरलेलीच आहे.

पुढे राजघराण्याची चित्रं, मानपत्रांच्या चांदीच्या पेट्या वगैरे येतं. आवडेल तेवढं बघा. पायांना इथे दमणूक जाणवायला लागते, आणि खरं वैभव अजून वरच्या मजल्यावर आहे.

तिसरी जागा सार्वजनिक दरबार. जिना चढून आलं की एकदम खांबांची रांग आणि समोर उघडं मैदान. या दालनाला समोर भिंत नाही. राजा इथे बसायचा आणि खाली प्रजा, सैन्य, हत्ती दिसायचे. खांबांच्या रांगेच्या एका टोकाला उभं राहून लांबवर बघा, कमानीत कमान बसत गेलेली दिसते. छतावरची आणि मागच्या भिंतीवरची देवीची चित्रंही बघा.

चौथी जागा अंबाविलास, खासगी दरबार. इथे बोलणं आपोआप कमी होतं. सोनेरी खांब, निळी-सोनेरी कमानींची नक्षी, मध्यभागी काचेचं छत आणि खाली रंगीत दगड जडवलेली फरशी. प्रवेशाचं दार शिसवीचं आहे, त्यात हस्तिदंताची नक्षी बसवली आहे. कठड्यामागून बघावं लागतं आणि रक्षक 'चला चला' करत असतात. म्हणून ग्रुपने दोन-दोनच्या जोडीने पुढे व्हा, कडेचा कोपरा धरा. दालन एका नजरेत मावत नाही. आधी छत, मग एकच खांब तळापासून वरपर्यंत, मग फरशी, असं बघा.

बाहेर आलात की आवारातली देवळं राहिलेली असतात. एकूण बारा आहेत, सगळी करायची गरज नाही. श्वेतवराहस्वामींचं मंदिर प्रवेशाजवळच आहे, ते बघा.

पोटपूजा

राजवाड्याच्या अगदी दारात खाऊ नका. नजरबादला मैलारीच्या डोशासाठी जा. लहानशी जागा आहे, थांबावं लागतं. डोसा मऊ असतो, वर लोण्याचा गोळा, आणि आपल्याकडच्यासारखी बटाट्याची भाजी नसून सागू, म्हणजे मिश्र भाज्यांचा दाट रस्सा असतो. एकेक मागवून भागत नाही, पहिल्यापासूनच दोन सांगा.

म्हैसूर पाक घ्यायचा तर सयाजीराव रोडवर, देवराज मार्केटच्या कडेला गुरु स्वीट मार्टमध्ये. राजवाड्यातल्या स्वयंपाकी काकासुर मादप्पांनी हा पदार्थ पहिल्यांदा केला आणि हे दुकान त्यांच्याच वंशजांचं, असं सांगतात. म्हैसूरच्या मुख्य रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे, हे मराठी माणसाला त्या पाटीखाली उभं राहून बरं वाटतं. मार्केटच्या आत जाऊन फुलांच्या ओळीतून एक चक्कर मारा. म्हैसूर मोगऱ्याचे गजरे तिथे हातावर मोजून देतात.

दुपारी: जगनमोहन पॅलेस सोडू नका

राजवाडा जळाल्यावर नवा उभा राहीपर्यंत राजघराणं राहिलं ते जगनमोहन पॅलेसमध्ये, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९१५ पासून तिथे चित्रदालन आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, पण मराठी ग्रुपने पाहायचं ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र: हातात समई धरलेली, जांभळ्या साडीतली तरुणी. ज्योतीपुढे हात आडवा धरला आहे आणि बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतो आहे. तेवढा उजेड पाण्याच्या रंगात आणायचा म्हणजे कागद कोराच ठेवायचा आणि भोवती अंधार रंगवायचा, चुकलं तर पुसून दुरुस्ती नाही. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. पुष्कळ लोक हे चित्र रविवर्म्याचं समजून बघतात. तुम्ही हळदणकरांचं नाव घेऊन बघा. मात्र दालन चालू असल्याची खात्री त्या दिवशी करून मगच निघा, दुरुस्तीसाठी ते बंद राहिलेलं आहे.

रविवार संध्याकाळ: रोषणाई

सातच्या सुमाराला दिवे लागतात, तुम्ही साडेसहाला पोचा. पूर्वेच्या जयमार्तंड द्वारातून राजवाडा नेमका समोर दिसतो. मैदानात अगदी पुढे जाण्यापेक्षा मागे राहा, म्हणजे मधला १४५ फुटी मनोरा, घुमट आणि दोन्ही बाजू एका दृष्टीत येतात. दिवे एका क्षणात सगळे पेटतात, तेव्हा फोन खाली ठेवा. फोटोला पुढचा अर्धा तास आहे. पोलीस बँडही अनेकदा असतो.

दिवे मालवल्यावर सगळी गर्दी एकदम दारांवर येते आणि रिक्षांचे भाव दुप्पट होतात. दहा मिनिटं गवतावर बसा, मग बसस्थानकापर्यंत चालत जा.

अर्धा दिवस हाताशी असेल तर

चामुंडी टेकडीला शहर बसस्थानकातून २०१ नंबरची बस जाते. पाय शाबूत असतील तर बसने वर जा आणि उतरताना पायऱ्या धरा, वाटेत एकाच दगडातला प्रचंड नंदी लागतो.

पण एकच काही निवडायचं झालं तर मी श्रीरंगपट्टण म्हणेन, पंधराएक किलोमीटर. तिथला दर्या दौलत हा टिपूचा उन्हाळी महाल १७८४ चा, सागवानाचा. म्हैसूरचा लाकडी राजवाडा कसा असेल याचा अंदाज ग्रॅनाइटच्या राजवाड्यात येत नाही, तो इथे येतो. भिंतींवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचं चित्र आहे, हैदर-टिपूने इंग्रजांचा पराभव केला ती. बंगळूरुकडे परतणार असाल तर श्रीरंगपट्टण त्याच वाटेवर आहे. म्हैसुरातूनच गाडी धरायची असेल तर सकाळी सॅक म्हैसूर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, बसने जाऊन दुपारी परत या आणि संध्याकाळची गाडी पकडा.